परीटघडी न मोडलेला संत

जळगावच्या नवी पेठेत किंवा धुळ्याच्या आग्रा रोडलगतच्या गल्ल्यांमध्ये एखाद्या लाँड्रीच्या फळीपाशी क्षणभर उभे राहिले, तर एक चित्र हमखास दिसते. काउंटरवर पावत्यांचे पुस्तक, मागे तारेवर ओळीने टांगलेले कोट आणि शेरवान्या, एका बाजूला इस्त्रीचे टेबल आणि भिंतीवर विठ्ठलाच्या तसबिरीशेजारी एका वृद्धाची तसबीर. अंगावर ठिगळांचे वस्त्र, चेहऱ्यावर पांढरी दाढी, हाती खराटा आणि जवळ मातीचे गाडगे. दुकानातील प्रत्येक कपडा कडक घडीचा असतो आणि त्या सगळ्यांचे दैवत मात्र चिंध्या पांघरलेले असते. संत गाडगेबाबांच्या जीवनाचे सारे मर्म या एका विसंगतीत साठलेले आहे.

दरवर्षी २३ फेब्रुवारीला जयंती आणि २० डिसेंबरला पुण्यतिथी येते. त्या दिवशी परीट समाजाच्या वस्त्यांमध्ये तसबिरीला हार चढतो, शासकीय कार्यालयांत अभिवादन होते, शाळांतून मुले अंगण झाडतात. महाराष्ट्राला बाबा ठाऊक आहेत ते स्वच्छतेचे पुजारी म्हणून. परंतु ज्या घरात त्यांचा जन्म झाला त्या घराचा व्यवसाय, त्या व्यवसायाला समाजाने दिलेली जागा आणि त्या जागेविरुद्ध त्यांनी आयुष्यभर केलेला मूक झगडा यांकडे लक्ष क्वचितच जाते.

बारा बलुत्यांतील एक

गावगाड्यात परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. गावातील घरांचे कपडे गोळा करायचे, गाढवावर लादून नदीवर न्यायचे, पापडखाराच्या पाण्यात भिजवायचे, भट्टी लावायची, दगडावर आपटून धुवायचे, वाळवायचे, नीळ आणि खळ द्यायची आणि घडी करून घरोघर पोहोचवायचे, हे त्याचे काम. रोख मजुरी नाही. सुगी आली की खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा मागायचा. पीक चांगले आले तर पसाभर अधिक, दुष्काळ पडला तर परटाच्या घरातही दुष्काळ.

या कामात कसब मोठे होते. कोणते कापड किती वेळ भट्टीत ठेवायचे, कोणता रंग उतरतो, रेशीम आणि लोकर रिठ्याच्या पाण्यात कशी धुवायची, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात जाई. लिहिता-वाचता न येणारा परीट कपड्याच्या काठावर बिब्ब्याच्या रसाने काळी खूण करी. प्रत्येक घराची खूण निराळी. शेकडो कपड्यांच्या ढिगातून तो ज्याचे त्याला अचूक परत करी. अक्षरओळख नाकारलेल्या माणसांनी स्वतःसाठी तयार केलेली ती लिपीच होती. मराठी भाषेनेही या कसबाची नोंद ठेवली आहे. नीटनेटक्या कपड्यासाठी आजही परीटघडी हाच शब्द वापरला जातो.

मान मात्र कसबाच्या प्रमाणात मिळाला नाही. लग्नात नवरा-नवरीच्या पायाखाली पायघड्या अंथरण्याचा मान परटाचा. पण बाळंतिणीचे, सुतकाचे, आजाऱ्याचे कपडे धुणाराही तोच, म्हणून पंगतीत त्याची जागा दूरची. दुसऱ्याचा मळ काढणाऱ्यालाच मळका ठरविण्याची ही रीत महाराष्ट्रभर होती. तापी, गिरणा, पांझरा आणि बोरीच्या काठावरील खानदेशही तिला अपवाद नव्हता.

शेंडगावचा डेबू

अशा एका परटाच्या घरी, अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एक मुलगा जन्मला. वडील झिंगराजी, आई सखुबाई आणि आडनाव जाणोरकर. मुलाचे नाव डेबूजी ठेवले गेले. घरची स्थिती अगदीच वाईट नव्हती. पण झिंगराजींना दारूचे व्यसन लागले. जातीच्या रिवाजात लग्न, बारसे, नवस, देवकार्य अशा प्रत्येक प्रसंगी बकरे आणि दारू अपरिहार्य मानली जात होती. रिवाज म्हणून सुरू झालेला पेला व्यसन कधी झाला हे घरालाही कळले नाही. शेत गेले, भांडीकुंडी गेली आणि १८८४ साली झिंगराजीही गेले. डेबू तेव्हा अवघ्या आठ वर्षांचा होता.

सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरगावी आल्या. आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांच्या घरी डेबू वाढला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. गुरे राखणे, गोठा झाडणे, नांगर धरणे, रात्री भजनात बसणे हेच त्याचे शिक्षण. कष्टाची त्याला मनापासून आवड होती. मामाच्या शेतात राबणाऱ्या या मुलाची तारीफ गावभर होऊ लागली. भजनी मंडळात तो सर्व जातींच्या पोरांना सोबत घेऊन बसत असे. त्या काळी ही गोष्टसुद्धा साधी नव्हती.

१८९२ मध्ये त्यांचा विवाह कुंताबाईंशी झाला. संसार सुरू झाला आणि त्याच सुमारास घरावर दुसरे संकट आले. मामांनी सावकाराचा व्यवहार विश्वासावर केला होता. कागदावर काय लिहिले आहे हे घरातील कोणालाच वाचता येत नव्हते. अंगठा उठला आणि जमीन गेली. त्या धक्क्याने मामा खचले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. डेबूजींनी मात्र हार मानली नाही. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा ते एकटे बांधावर उभे राहिले आणि त्यांनी नांगर सोडला नाही. गावाने हा प्रकार पहिल्यांदाच पाहिला.

दारूने वडील नेले आणि निरक्षरतेने मामा. पुढे पन्नास वर्षे महाराष्ट्रभर फिरताना बाबा कीर्तनात जे सांगत राहिले, त्याचे मूळ या दोन मृत्यूंत आहे. व्यसन सोडा, कर्ज काढून सण आणि लग्ने करू नका, मुलांना शाळेत घाला, प्रसंगी जेवणाचे ताट मोडा पण शिक्षण थांबवू नका, हा त्यांचा उपदेश कुठल्या ग्रंथातून आलेला नव्हता. तो त्यांच्या स्वतःच्या घराचा जमाखर्च होता.

बारशाची पंगत

मुलीच्या बारशाला डेबूजींनी पहिले बंड केले. जातभाई जमले. मटण आणि दारू नसेल तर पंगत बसणार नाही, असा दंडक होता. डेबूजींनी गोडाधोडाचे शाकाहारी जेवण वाढले. कुजबुज झाली, नाराजी झाली, वाळीत टाकण्याच्या गोष्टी निघाल्या. पण यजमान हलला नाही. वरवर पाहता ही एका घरची पंगत होती. प्रत्यक्षात जातपंचायतीच्या धाकाखाली कर्ज काढून बकरे कापणाऱ्या प्रत्येक गरीब परटाला त्या दिवशी नकार देण्याची वाट मोकळी झाली. सुधारणा वरून खाली येते असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. येथे ती पंगतीच्या पत्रावळीपासून सुरू झाली.

घराबाहेर पडलेले पाऊल

१ फेब्रुवारी १९०५ रोजी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी डेबूजींनी घर सोडले. घरात आई, पत्नी आणि मुले होती. या निर्णयाची किंमत कुंताबाई आणि सखुबाई यांनी मोजली, ही गोष्ट गौरवाच्या भरात विसरता येणार नाही. पुढील काही वर्षे ते गावोगाव फिरत राहिले. अंगावर रंगीबेरंगी चिंध्या जोडून केलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, डोक्यावर किंवा हातात मातीच्या गाडग्याचा फुटका भाग. त्यातच भाकरी खायची, त्यातच पाणी प्यायचे. लोक कोणी वेडा म्हणत, कोणी भिकारी म्हणत, कोणी चिंधेबुवा म्हणत. अखेर गाडग्यावरूनच नाव पडले आणि डेबूजींचे गाडगेबाबा झाले.

हा वेश मुद्दाम स्वीकारलेला होता. कपड्यावरून माणसाची जात, पत आणि प्रतिष्ठा ठरविणाऱ्या समाजात परटाच्या मुलाला कपड्याची किंमत इतरांपेक्षा अधिक ठाऊक होती. पांढऱ्याशुभ्र घड्यांखाली किती मळ असतो हे ज्याने घाटावर पाहिले आहे, त्याने स्वतः चिंध्या पांघराव्यात आणि लोकांनी त्याला हाकलून द्यावे की भाकरी द्यावी, याची परीक्षा प्रत्येक गावात घ्यावी, असाच तो प्रकार होता. अनेक गावांत त्यांना शिव्या मिळाल्या, काही ठिकाणी मारही मिळाला. त्यांनी कोणालाही आपली ओळख सांगितली नाही.

पूर्णेचा घाट

घाट ही परटाची कर्मभूमी. बाबांच्या सार्वजनिक कार्याची सुरुवातही घाटापासूनच झाली, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे तीर्थक्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. काठावर चिखल आणि निसरडी उतरंड; स्नानाला येणारे म्हातारे, लेकुरवाळ्या स्त्रिया घसरून पडत. बाबांनी टोपली आणि फावडे घेतले आणि एकट्यानेच वाट नीट करायला सुरुवात केली. हळूहळू लोक जमले, वर्गणी आली आणि १९०८ च्या सुमारास तेथे पक्का घाट उभा राहिला. पुढे या यात्रेत अंध, अपंग आणि निराधारांना अन्न आणि वस्त्र देण्याचा परिपाठ त्यांनी सुरू केला.

हीच पूर्णा वऱ्हाड ओलांडून जळगाव जिल्ह्यात येते आणि मुक्ताईनगरजवळ चांगदेव येथे तापीला मिळते. तेथून मुक्ताबाईंची पालखी दरवर्षी आषाढी वारीसाठी पंढरपूरला जाते. खानदेशातून इतक्या दूरचा पल्ला पायी गाठणाऱ्या वारकऱ्यांमध्ये शेतकरी, शेतमजूर आणि बलुतेदार मोठ्या संख्येने असतात. वऱ्हाडी बोली आणि खानदेशची अहिराणी यांच्यात अंतर असले तरी नदी एक, वारी एक आणि गरिबीही एक. बाबांची भाषा या मुलखाला कधी परकी वाटली नाही.

खराटा आणि कीर्तन

बाबांची कार्यपद्धती सोपी आणि अनोखी होती. गावात शिरायचे ते खराटा हातात घेऊनच. कोणाला न सांगता गटारे, रस्ते, देवळाभोवतालची जागा झाडायला सुरुवात करायची. पाहुणा झाडतो आहे हे पाहून गाव आधी हसे, मग लाजे आणि शेवटी खराटे घेऊन बाहेर पडे. सायंकाळपर्यंत गाव स्वच्छ झाले की रात्री कीर्तन. दिवसा गावाचा मळ काढायचा आणि रात्री मनाचा, अशी ही धुलाईची दोन पाळ्यांची पद्धत होती.

कीर्तनात पोथी नव्हती. ते श्रोत्यांना प्रश्न विचारत, श्रोते उत्तर देत आणि त्या उत्तरातूनच श्रोत्यांची चूक श्रोत्यांनाच दिसे. दगडाचा देव बकरे मागतो का, नवसाने पोर होते का, शिवल्याने माणूस बाटतो का, असे प्रश्न ते अडाण्याच्या भोळेपणाने टाकत. हजारोंचा समुदाय पोट धरून हसे आणि हसता हसता अंतर्मुख होई. संत तुकारामांच्या अभंगांवर त्यांची श्रद्धा होती. पण आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, हे ते वारंवार बजावत. पाया पडायला कोणी पुढे आले तर ते दूर होत. पशुबळीला त्यांनी केलेल्या विरोधामुळे अनेक यात्रांतील हत्या थांबल्या.

परीट समाजाच्या दृष्टीने या खराट्याचा अर्थ फार खोल आहे. स्वच्छतेचे काम जन्माने वाटून दिलेले आणि म्हणून हलके, ही समाजाची समजूत होती. बाबांनी तेच काम गावच्या पाटलाच्या, सावकाराच्या, पुढाऱ्याच्या हाती दिले. ज्याने घाण केली त्याने ती काढली पाहिजे, हा साधा न्याय त्यांनी शब्दांऐवजी कृतीने शिकविला. एका जातीचे ओझे सर्वांच्या खांद्यावर वाटून देण्याचा हा प्रयत्न होता.

धर्मशाळांचे जाळे

लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा बाबांनी दगड-विटांत घातला; मात्र देवळांत नव्हे. पंढरपूरला वारीच्या वेळी अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना उतरायला जागा मिळत नसे. उघड्या वाळवंटात, पावसात त्यांचे हाल होत. १९१७ च्या सुमारास बाबांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा उभारली. पुढे ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द केली. या दोघांमध्ये परस्परांविषयी नितांत आदर होता. एक विलायतेतील विद्यापीठांत शिकलेला, दुसरा शाळेची पायरी न चढलेला. पण शिक्षणाशिवाय गत्यंतर नाही, या निष्कर्षावर दोघेही पोहोचले होते.

पंढरपूरच्या या प्रश्नाशी खानदेशचेही नाते आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषण केले आणि मंदिराची दारे उघडली. गुरुजींचा सत्याग्रह मंदिराच्या दाराशी होता. त्याआधी तीस वर्षे बाबांनी त्याच गावात, दाराबाहेर ताटकळणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर घातले होते. दोन्ही कामे एकमेकांना पूरक ठरली.

नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर अशा अनेक ठिकाणी धर्मशाळा, सदावर्ते, गोरक्षण संस्था, वसतिगृहे आणि शाळा उभ्या राहिल्या. नाशिकची गोदाकाठची धर्मशाळा तर खानदेशातून गंगेवर जाणाऱ्या गोरगरिबांच्या ओळखीची. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेला बाबांनी मनापासून साथ दिली. कराडला १९५४ मध्ये या संस्थेचे जे महाविद्यालय सुरू झाले, त्याला सद्गुरू गाडगे महाराज यांचेच नाव देण्यात आले. अक्षरशून्य माणसाच्या नावाने महाविद्यालय आणि पुढे विद्यापीठ उभे राहावे, यात महाराष्ट्राच्या एका शतकाची वाटचाल सामावली आहे.

१९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभी राहिली. परगावाहून आलेल्या गरिबाला रुग्णालयात खाट मिळते. पण त्याच्यासोबत आलेल्या बायकोने, भावाने रात्र कोठे काढायची, हा प्रश्न कोणाच्या आराखड्यात नव्हता. तो या निरक्षर माणसाला सुचला. दादर येथील मिशनच्या धर्मशाळेनेही कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईला येणाऱ्या असंख्य कुटुंबांना आधार दिला.

बापाचे काळीज

बाबांच्या वैराग्याची सर्वांत कठोर परीक्षा १९२३ मध्ये झाली. तरुण मुलगा गोविंद याला पिसाळलेला कुत्रा चावला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटण येथे होते. कीर्तन सुरू असताना ही वार्ता आली. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. असे कोट्यवधी गेले, मग एकासाठी किती रडावे, अशा आशयाचे बोलून त्यांनी आपले निरूपण पूर्ण केले. या प्रसंगाकडे कोणी अलिप्तता म्हणून पाहतो, कोणी कठोरता म्हणून. वऱ्हाडात मागे राहिलेल्या कुंताबाईंना तो दिवस कसा गेला असेल, हे कोणत्याही चरित्रातून पुरते उमगत नाही. लोकांचा संसार सावरणाऱ्या माणसाच्या घरच्या संसाराची ही दुसरी बाजू आहे आणि ती झाकून त्यांचे मोठेपण वाढत नाही.

कोट्यवधी रुपयांच्या वास्तू उभारूनही बाबांनी स्वतःसाठी एक झोपडीही बांधली नाही. संस्थांच्या मालमत्तेवर आपल्या नातलगांचा हक्क राहणार नाही, याची त्यांनी कटाक्षाने काळजी घेतली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली आणि कारभार विश्वस्तांच्या हाती गेला. त्याच वर्षी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले.

अखेरचा प्रवास

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईतील वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचे अखेरचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला दिल्लीत डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात वाहनातच बाबांची प्राणज्योत मालवली. ज्याचे आयुष्य नदीकाठच्या घाटाशी जोडलेले होते, त्याचा शेवटही नदीकाठीच झाला. अमरावतीत त्यांच्या समाधीभोवतीचा भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. १९७७ मध्ये त्यांच्या जीवनावर देवकीनंदन गोपाला हा चित्रपट आला. राज्य शासनाने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि २००५ मध्ये अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

घाटावरून काउंटरवर

बाबांच्या जन्मानंतर दीड शतकात परटाचा व्यवसाय ओळखू येणार नाही इतका बदलला. बलुते संपले, गाढवे गेली, भट्टी विझली. शहरांत कचेऱ्या, न्यायालये, रेल्वे आणि गिरण्या आल्या तसा गणवेश आणि पांढरपेशा पोशाख आला आणि त्याबरोबर नदीवरचा परीट रस्त्यावरच्या लाँड्रीत आला. कोळशाच्या इस्त्रीची जागा विजेच्या इस्त्रीने घेतली. त्यानंतर पाटीवर ड्रायक्लिनर्स हा शब्द झळकू लागला.

ड्रायक्लिनिंग हे नाव थोडे फसवे आहे. ही धुलाई कोरडी नसते. त्यात फक्त पाणी नसते. पाण्याने आटणाऱ्या लोकरीसाठी, रंग सोडणाऱ्या रेशमासाठी, काळवंडणाऱ्या जरीसाठी पाण्याऐवजी तेलकट डाग विरघळविणारे द्रावण वापरले जाते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये या पद्धतीचा व्यवसाय सुरू झाला. आरंभी टर्पेंटाइन, रॉकेलसारखे ज्वालाग्राही पदार्थ वापरले जात. नंतर परक्लोरोइथिलीन हे रसायन जगभर रूढ झाले. लहान शहरांतील अनेक दुकानदार स्वतःकडे यंत्र न ठेवता कपडे गोळा करून मोठ्या केंद्रावर पाठवितात आणि परत आल्यावर इस्त्री, रोल प्रेस, रफू अशी कामे करून गिऱ्हाइकाला देतात.

या प्रगतीच्या पोटात नवे धोके आहेत. ज्वालाग्राही द्रावणांमुळे आगीचे भय असते. परक्लोरोइथिलीन मानवात कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या द्रव्यांच्या गटात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने घातले आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लिनिंगमधील त्याचा वापर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम केला. गिऱ्हाइकाचा सूट डागविरहित होतो. पण बंद खोलीत त्या वाफेत दिवसभर उभा राहणारा कामगार काय श्वासात घेतो, हे काउंटरच्या पुढच्या बाजूने दिसत नाही. गावगाड्यातही हेच होते. घडी दिसत असे, घाटावर फुटलेल्या टाचा दिसत नसत.

घरोघरी धुलाईयंत्रे आली, इस्त्री न लागणारे कापड आले आणि छोट्या दुकानांचे रोजचे काम घटले. लग्नसराईत शालू, पैठण्या, शेरवान्या, दिवाळीपूर्वी पडदे आणि चादरी, थंडीपूर्वी स्वेटर आणि ब्लँकेट अशा हंगामांवर अनेकांची भिस्त आली. जुन्या काळी सुगीवर जगणारा परीट आता लग्नाच्या तिथींवर जगतो. यंत्रासाठी भांडवल हवे, भांडवलासाठी कर्ज, कर्जासाठी कागद. मामा चंद्रभान यांनी न वाचलेला कागद अजूनही जुना झालेला नाही. फक्त त्याची भाषा आणि शिक्का बदलला.

समाजातील नव्या पिढीपुढे दोन वाटा आहेत. काही मुले शिकून शिक्षक, अभियंते, शासकीय कर्मचारी झाली आणि त्यांनी घाटाकडे पाठ फिरविली. काहींनी वडिलांचाच धंदा नव्या यंत्रांनिशी उभा केला. बाबांच्या चरित्रात या दोन्ही वाटांना आधार सापडतो. शिकून बाहेर पडा, असे सांगणारे तेच आणि कोणतेही सफाईचे काम हलके नाही, हे हातात खराटा घेऊन दाखविणारेही तेच. त्यांचा आग्रह एवढाच होता की वाट माणसाने निवडावी, जन्माने ती लादू नये.

आजही परक्या घरचे कपडे मोजून घेणारा दुकानदार विवाहात पायघड्यांवरून चालणाऱ्यांपैकी असतोच असे नाही. जयंतीला हार घालणारे हात एरवी काउंटरवर हिशेबापलीकडे दोन शब्द बोलतात का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारायचे आहे. बाबांनी पुतळे मागितले नाहीत, देऊळ मागितले नाही, पाया पडून घेतले नाही. त्यांनी भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र आणि गरिबाच्या मुलाला शिक्षण मागितले.

संध्याकाळी दुकान बंद करताना खानदेशातला लाँड्रीवाला दिवसभराचा कचरा झाडून काढतो, तसबिरीसमोर उदबत्ती लावतो आणि फळी ओढतो. आत अंधारात परक्यांच्या कडक घड्या रांगेत उभ्या असतात आणि भिंतीवर चिंध्या पांघरलेला त्यांच्याच घरातला माणूस. दुसऱ्याचे वस्त्र उजळविणाऱ्यांच्या वाट्याला उजेड यावा, यासाठी तो माणूस घर सोडून निघाला होता. ते काम अजून पुरते झालेले नाही.